धोंडूबाईची पाठवणी

॥ श्री ॥

राहनाळ,
१४ जुलै २०२४

ती. कमळाआत्यास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र परत डब्यात घालून ठेवलंयस म्हणे. म्हणजे फोनवर ओरडून माझाच घसा बसणार, त्यापेक्षा पत्र बरं. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचीस ते मी विसरलेली नाही, तरीही लिहितेय.

इथे खोलीत मी आणि रीमा दोघीच. दोघीही दापोड्याच्या त्याच गोदामात. मला आता पॅकिंगच्या लाइनची लीडर केलंय. लीडर म्हणजे काय, तर बेल्टवरून माल येतो, आम्ही बायका तो खोक्यांत भरतो, आणि चुकून भलताच माल भरला गेला की सुपरवायझर प्रितमसर आधी माझ्यावर ओरडतात. मोबाइल गेटवरच काढून घेतात, त्यामुळे दिवसभर आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नाही. मग भांडणं. साबणाच्या जागी शाम्पू गेला की रंगूबाई म्हणणार हे रीमाचंच काम, आणि रीमा म्हणणार म्हातारीला दिसत न्हाय न् मिजास बगा. रंगूबाई इथलीच, आमच्यात वयानं सगळ्यांत मोठी आणि तोंडानंही. मागच्या आठवड्यात दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या आणि बेल्ट बंद करावा लागला.

तेव्हा मला आपल्या करवंदवाडीची पार्वती आठवली. आवणीला तुम्ही बायका ओळीनं वाकून भात लावायच्या, आणि कुणाची मूठ वाकडी लागली तरी हजर असलेल्या बाईला बोलायचं नाही, पार्वतीनं लावली म्हणायचं. पार्वती नावाची बाई नव्हतीच, पण ओळीत तिच्यासाठी एक जागा मोकळी असायची. तिच्याबद्दल कुणी काही म्हटलं तर नाही म्हणायचं नाही, आपणही भर घालायची, हा नियम. मी ती युक्ती इथे आणली. फक्त नाव बदललं, धोंडूबाई ठेवलं.

आत्या, काय सांगू! पहिल्याच दिवशी रंगूबाई म्हणाली की धोंडूबाई डावरी हाय, म्हणून तिचं खोकं उलटं जातं. रीमा म्हणाली की तिला एक मुलगी आहे आणि ती आजीकडे असते. हसून हसून पोट दुखलं. आता भांडण नाही, चूक झाली की धोंडूबाईच्या नावावर. लाइनमध्ये माझ्या शेजारी तिची जागाही ठेवलीय. तुझी भाची हुशार आहे हे आतातरी कबूल कर.

तब्येतीला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मेघाली

॥ श्री ॥

करवंदवाडी, ता. मुरबाड,
२८ जुलै २०२४

चि. मेघालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर अजून कोंबडीचंच, पण कोंबडी आता धष्टपुष्ट झालेली दिसते. हुशार आहेस हे मी कबूल करणार नाही. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुला वाढवलं, त्यात जी काही हुशारी आली ती माझी.

आमची आवणी आटोपली. यंदा गुडघ्यांनी साथ दिली नाही, मी नुसती बांधावर बसून बडबडले. पार्वतीनं भरपूर मुठी वाकड्या लावल्या. दुपारी पडवीत तांदूळ निवडायला बायका जमतात, त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. शेजारच्या वैशालीला तर तुझी धोंडूबाई फारच आवडली. मुलगी आजीकडे असते म्हटल्यावर तिनं लगेच ठरवून टाकलं की ती आजी आपल्याच बाजूची असणार. मग काय, वाहत्या गंगेत प्रत्येकीनं हात धुऊन घेतले, आपापली भर घातली. पुढच्या पत्रात तिची आणखी हकिगत लिही, नाहीतर ह्या मला तांदूळ निवडू देणार नाहीत.

जेवण वेळेवर घेत जा. रीमालाही आशीर्वाद सांग.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

राहनाळ,
१ सप्टेंबर २०२४

ती. कमळाआत्यास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

पडवीतल्या मंडळींना सांग, धोंडूबाई मजेत आहे. माझ्यापेक्षा मजेत आहे.

नव्या मुली भरती झाल्या. त्यांना आम्ही काही समजावून सांगितलं नाही, त्यांनी नुसतं ऐकलं. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर एकीनं डबा ठेवला, तर दुसरीनं तो उचलून तिला दटावलं की ही धोंडूबाईंची जागा, त्या आज आल्या नाहीत. दटावणारी मुलगी येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. मला आधी हसू आलं. मग वाटलं की सांगावं, पण काय सांगणार? नियम माझाच.

आता जरा मनाला लागलेलं सांगते. तू हसशील. मे महिन्यात पत्रा तापून रंगूबाई चक्कर येऊन पडली होती. तिला काखेत धरून मी पंख्याखाली नेलं, ओढणी भिजवून तिचं तोंड पुसलं, ड्युटी सोडून बसले आणि त्यावरून बोलणी खाल्ली. परवा जेवताना रंगूबाई नव्या मुलींना तीच गोष्ट सांगत होती. ओढणी, पंखा, बोलणी, सगळं तसंच. फक्त माझ्या जागी धोंडूबाई. सांगताना तिचे डोळे भरून आले. म्हणाली, सख्ख्या लेकीनं केलं नसतं ते धोंडूनं केलं. मी समोर बसले होते, आत्या. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला नियम आठवला, तर मी काय केलं असेल? भर घातली. म्हटलं, त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नव्हती.

ते खरंच होतं. मी जेवले नव्हते.

चुका तिच्या नावावर जात होत्या तोवर गंमत होती. आता चांगलंही तिकडेच जायला लागलंय. जाऊ दे. तू पत्रात एकदा लिही की मी वेडी आहे, म्हणजे बरं वाटेल.

तुझी,
मेघाली

॥ श्री ॥

करवंदवाडी,
१५ सप्टेंबर २०२४

चि. मेघालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वेडी आहेस. झालं समाधान?

अगं, कानामागून आली आणि तिखट झाली, हे सुनांच्या बाबतीत ऐकलं होतं, नसलेल्या बाईच्या बाबतीत आजच. रंगूबाईचं वय झालं, तिच्या डोक्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली असेल. मनाला लावून घेऊ नकोस. केलेलं कुठे जात नाही, नाव कुणाचंही घेतलं तरी.

पण रंगूबाईची हकिगत वाचताना इथेही सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावला. वैशाली म्हणाली, असं माणूस गोदामात कुजायला नको, तिला म्हणावं सणाला इकडे येऊन जा. सगळ्यांनी दुजोरा दिला. मी पण म्हटलं, येऊ दे, पडवी मोकळीच आहे. मग उगाच जीभ चावली. तुला बोलवायचं राहूनच गेलं की. तर तूही ये. गौरी झाल्या, आता नवरात्रात तरी ये.

धोंडूबाईच्या मुलीचा खोकला थांबला का? आलं-मधाचं चाटण द्यायला सांग.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

राहनाळ,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. कमळाआत्यास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

मुलीच्या खोकल्याबद्दल मी तुला कधीच लिहिलं नव्हतं. पत्र दोनदा वाचलं, मला आठवेना. पण लाइनवर मात्र त्या आठवड्यात खरोखर तेच चाललं होतं, की धोंडूबाई मुलीच्या खोकल्यामुळे सुट्टीवर आहेत. तुला हे कुणी सांगितलं?

मी नवरात्रात आले नाही कारण मला भीती वाटत होती की मी गेले तर माझी जागा राहणार नाही. हसू नकोस. आता सगळं नीट सांगते.

प्रितमसरांनी मागच्या सोमवारी मला बोलावलं आणि म्हणाले की काचेच्या मालावर धोंडूबाईंना बसवा, त्यांचा हात स्थिर हाय. मी म्हटलं की सर, धोंडूबाई नाही. ते म्हणाले, आज नसेल तर उद्या बसवा. मी म्हटलं, ती कधीच नव्हती, ते नाव मी काढलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी कुणा मेलेल्याची निंदा केली होती.

मग जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर उभी राहिले. सांगितलं की बायांनो, पुरे. धोंडूबाई मी रचली. ती आमच्या गावची आवणीतली गंमत आहे. आत्या, कुणी भांडलं नाही, कुणी हसलं नाही. शेवटी रंगूबाई शांतपणे म्हणाली, असं कुणाला नसलेलं म्हनू नये पोरी, पाप लागतं. आणि सगळ्या परत जेवायला लागल्या. त्यानंतर माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. कुणी वागतच नाही. मी काही बोलले की त्या माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून उत्तर देतात.

रीमाला खोलीत एकटीला विचारलं. आम्ही एका ताटात जेवलोय, ती तरी खरं बोलेल. ती म्हणाली की खोली आधी धोंडूबाईंची होती, तू नंतर आलीस. भिंतीवरची खुंटी त्यांची आहे, तिथे तू ओढणी टांगू नकोस. ती खुंटी मी ठोकली आहे, दगडानं, हातोडा नव्हता म्हणून. माझा अंगठा सुजला होता. रीमानंच त्याला हळद लावली होती.

सगळ्यांत वाईट हे की आता मला तिचा चेहरा दिसतो. बारीक बांधा, डाव्या भुवईवर कापल्याची खूण. हे मी रचलेलं नाही. पार्वतीचं तुम्ही काय करायचा? ती अशी वाढायची नाही का?

लवकर उत्तर पाठव. तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही.

तुझी,
मेघाली

॥ श्री ॥

करवंदवाडी,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. मेघालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, चूक माझी नाही आणि तुझीही नाही, पण चूक झालीय. तू अर्धाच खेळ उचलून नेलास. आवणी संपायच्या दिवशी तू दरवर्षी शाळेत असायचीस, म्हणून तुला शेवट ठाऊक नाही.

शेवटची मूठ लागली की आम्ही पार्वतीची पाठवणी करतो. जिनं आवणीच्या सुरुवातीला तिचं नाव घेतलं तिनंच ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. बांधावर ओटी ठेवायची, सुखानं जा म्हणायचं, आणि सगळ्यांनी पाठ फिरवून घराकडे चालायचं. मागे वळून बघायचं नाही. मग वर्षभर कुणी तिचं नाव काढत नाही. तिला न पाठवता ठेवलेली मी तरी कधी ऐकली नाही. पण तुमच्या गोदामात आवणी संपते कधी? माल येतच राहतो, तुम्ही भरतच राहता. तिला जायला दिवसच मिळाला नाही गं.

तर दिवाळी झाली की पाठवणी कर. सगळ्यांना घेऊन कर, एकटीनं नाही. सगळ्यांनी मिळून आणलेली बाई एकटीला घालवता येत नाही.

भुवईवरच्या खुणेचं वाचून मात्र हसले. ती खूण माझ्या विळ्याची. गवत कापताना मधे आली, केवढं रक्त! मी हळद दाबली आणि रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसले. किती रडली होती धोंडू.

नाही, थांब. धोंडू कशी असेल? तुला लागलं होतं का ते? आरशात बघून मला कळव. पडवीत ह्या बाया रोज तिच्या लहानपणाच्या गोष्टी काढतात, मी नाही म्हणत नाही, आणि मग माझ्याही डोक्यात गुंता होतो. वय झालं.

पाठवणी लवकर कर. जिवाला घोर लागलाय.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

राहनाळ,
१० नोव्हेंबर २०२४

ती. कमळाआत्यास,
मेघालीचा शि. सा. न. वि. वि.

पाठवणी झाली. काल शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत.

मला वाटलं होतं बायका ऐकणार नाहीत. पण मी पाठवणी म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. रंगूबाई म्हणाली की करावीच लागंल, कदी तरी करावीच लागतं. सगळ्यांनी काहीबाही आणलं. रीमानं खण आणला, रंगूबाईनं घरचा नारळ. गोदामाच्या मागे, गेटबाहेर, ट्रेलर वळतात ती मोकळी जागा आहे, तिथे गेलो. मी एक रिकामं खोकं उलटं ठेवलं, त्यावर बांधावर ठेवतात तशी ओटी मांडली आणि मोठ्यानं म्हटलं, सुखानं जा.

मग रंगूबाई पुढे आली. तिनं खोक्यावरची ओटी उचलली आणि माझ्या ओढणीत घातली. मला वाटलं तिला पद्धत कळली नाही. मी हसून परत ठेवायला गेले, तर रीमानं माझे हात धरले आणि मला कुंकू लावलं. मग एकेक जण आली. सगळ्या रडत होत्या, आत्या. खोटं नाही, हुंदके देऊन. रंगूबाईनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, लय हसवलंस आमाला मेघाली, आता सुखानं जा. किती दिवसांनी तिनं माझं नाव घेतलं होतं! ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय चाललंय ते कळायला वेळ लागला. तोवर त्यांनी पाठ फिरवली होती. मी हाका मारल्या. मागे वळून बघायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

त्यांच्या मागून आत जायला गेले, तर गेटवर वॉचमननं अडवलं. रोज मला रामराम घालणारा माणूस. हिंदीत विचारलं, कोणाला भेटायचंय बाई? मी लाइनचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं. तो हसला. म्हणाला, ते तर बायकांचं चेष्टेतलं नाव आहे, तशी कुणी इथे नाही.

संध्याकाळी रीमा खोलीवर आली. तिनं दोघींचा भात टाकला, दोन ताटं वाढली. मी बसायला गेले, तर ती माझ्या अंगावरून पलीकडे बघत कुणाला तरी म्हणाली की आज लवकर आलात, बरं झालं. आणि ऐकत राहिली, मधूनमधून हसत. पलीकडे कुणी नव्हतं. पण ताटातला भात संपला होता.

मी कुणी भूत नाही, आत्या. मला भूक लागते, थंडी वाजते, तू लिहिलंस म्हणून आरशात पाहिलं तर भुवईवरची खूण दिसली, सवयीनं मी ती विसरूनच गेले होते. ती खूण माझी आहे. तू हळद दाबली होतीस ती मला. मी मेघाली आहे, तू मला सहा वर्षांची असल्यापासून वाढवलंस, हे जगात आता फक्त तुला ठाऊक आहे. मला दुसरं काही नको. एक पत्र लिही. मजकूर नसला तरी चालेल, वरती फक्त माझं नाव लिही, ठळक अक्षरात. ते मी त्यांना दाखवेन. निदान मला तरी वाचता येईल.

पडवीत वाचू नकोस हे. तुझ्या पाया पडते.

तुझीच,
मेघाली

॥ श्री ॥

करवंदवाडी,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. धोंडूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मजकूर नसला तरी चालेल, वरती नाव लिही असं म्हणाली होतीस, तर बघ, नाव केवढं ठळक लिहिलंय. आणि मजकूरही लिहितेय, कारण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पत्र पडवीत वाचू नकोस म्हणून बजावलंस, पण वैशालीनं पाकीट पाहिलं आणि मग कुठलं राहतंय! सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं. तुझी ती मेघाली ह्या वेळी तू फारच हुबेहूब उतरवलीस. भात संपला तिथे तर अंगावर काटा आला. किती महिने तिच्या नावानं पत्रं लिहितेयस, आम्हालाही लळा लागला होता. पण आता पुरे, बाळा. पाठवणी झाल्यावर नाव काढत नाहीत, अपशकुन असतो. पुढचं पत्र आपल्या नावानं लिही. अक्षर मात्र असंच राहू दे, कोंबडीचे पाय.

काचेच्या मालावर बसवलं हे चांगलं झालं. तुझा हात पहिल्यापासून स्थिर. मुलीला घेऊन पौषाच्या आधी ये. तुझ्या भुवईला हात लावून बघितल्याशिवाय मला तू आलीस असं वाटतच नाही.

तब्येत बरी आहे. फक्त काल दुपारी तांदूळ पाखडता पाखडता एकदम रडू आलं. घरातलं कुणी माणूस गेल्यासारखं. सूप तसंच टाकून मी दारात जाऊन उभी राहिले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि कुणाला हाक मारायची तेच आठवेना. बायांनी आत आणून पाणी दिलं. म्हणाल्या, म्हातारपणी होतं असं.

तू मात्र मला विसरू नकोस.

तुझी, तुला वाढवलेली,
आत्या